चिप बसवण्याआधी गिऱ्हाइकाला काय सांगितलंत?

वाचकाचं पत्र

मी सांगलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वय २४. आयटीआय झाल्यावर दुसऱ्याकडे काम केलं, मग स्वतःचं दुकान टाकलं. बोर्डावरचं बारीक काम मला चांगलं जमतं. गेल्या वर्षी इंजिनिअरिंगच्या एका मुलाने निन्टेन्डो स्विच हे हातात धरून गेम खेळायचं मशिन आणलं आणि त्यात कंपनीचं कुलूप उघडून कॉपी केलेले गेमही चालवणारी चिप बसवून मागितली. बसवली, चालली. मग त्याच्या कॉलेजातून बरीच मुलं यायला लागली. चिपचे पैसे वेगळे घेतो, मेमरी कार्डात गेम भरून द्यायचे वेगळे. गेल्या महिन्यात स्विचच्या ओएलईडी या नंतरच्या मॉडेलात स्टोरेजच्या आयसीखाली अडॅप्टर सरकवताना काहीतरी बिघडलं आणि मशिन डेड झालं. मालक २८ हजार मागतोय. आणखी एक जण म्हणतो, त्याचं मशिन ऑनलाइन बॅन झालं आणि असं होऊ शकतं हे मी त्याला सांगितलं नव्हतं. थोरला भाऊ म्हणतो, हा गुन्हा आहे, बंद कर. मित्र म्हणतात, मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, वर्षानुवर्षं हेच चालतं. मशिन गिऱ्हाइकाचं, मर्जी गिऱ्हाइकाची, मग चूक माझी कशी? हे काम चालू ठेवू का बंद करू?

— स., सांगली

उत्तर

प्रिय स.,

आधी त्या बंद पडलेल्या मशिनचं बोलू. बाकीचे प्रश्न आठ दिवसांनी सुटले तरी चालतील. ते मशिन मात्र तुमच्या टेबलावर पडून आहे आणि ते दुसऱ्याचं आहे.

तुम्ही जिथे अडकलात ती या मॉडेलातली सगळ्यात वाईट जागा. जुन्या स्विचमध्ये स्टोरेजचा आयसी एका छोट्या वेगळ्या बोर्डावर असतो, तो काढता-घालता येतो. ओएलईडीत तो मुख्य बोर्डालाच सोल्डर केलेला असतो, आणि चिपला जी डेटाची लाइन हवी असते ती त्याच्या पोटाखाली लपलेली असते. अडॅप्टर आत ढकलताना सोल्डरचा एखादा गोळा शेजारच्याला टेकला किंवा पॅड उखडला, की प्रोसेसरला स्टोरेज सापडत नाही आणि स्क्रीन काळी राहते. म्हणजे मशिन कायमचं गेलं असं अजून धरू नका. पण त्यावर पुन्हा हॉट एअर धरायचा मोह होत असेल तर तो आवरा. दर वेळी तापवल्यावर पॅड आणखी कमजोर होतो, आणि आज जे परत बसू शकतं ते उद्या बसणार नाही. बॅटरीचा कनेक्टर काढा आणि प्रोसेसरच्या कडेचे ते खसखशीच्या दाण्याएवढे कपॅसिटर मायक्रोस्कोपखाली तपासा. तुमची दुसरी केबल त्यांच्यावरच बसवलेली आहे. एखादा हलला असेल किंवा शॉर्ट झाला असेल तर मल्टिमीटर सांगेल. जे दिसेल त्याचे फोटो काढा आणि तिथेच थांबा.

दुसऱ्या एखाद्या स्विचमधला आयसी काढून यात बसवण्याचा विचारही नको. प्रत्येक स्विचच्या स्टोरेजमधला मजकूर त्या त्या प्रोसेसरच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असतो. त्यात प्रॉडइन्फो नावाचा एक छोटा विभाग असतो. मशिनचं कॅलिब्रेशन आणि कंपनीच्या सर्व्हरला दाखवायची त्याची ओळखपत्रं तिथे असतात. तो विभाग गेला आणि त्याची प्रत नसली, तर खटपट करून मशिन सुरू करता येईलही, पण ते स्वतःची ओळख कधीच पटवू शकणार नाही. म्हणून मूळ आयसीच वाचवायला हवा. तो उचलून, नवे गोळे घालून त्याच जागी बसवणारे कारागीर पुण्या-मुंबईत आहेत. मशिन कुरिअरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. तुमच्या हातून काय झालं ते त्या कारागिराला लपवाछपवी न करता सांगा, फोटो दाखवा. कारागिराला खरी माहिती मिळाली तर मशिन वाचण्याची शक्यता वाढते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

खर्च तुमचा. यात मला घासाघीस दिसत नाही. दुरुस्तीला दिलेली वस्तू आपल्या ताब्यात असते तेव्हा, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी तिची घ्यायची, असं १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं. ग्राहक संरक्षण कायद्यात दुरुस्ती ही सेवाच आहे. तो मुलगा जिल्हा ग्राहक आयोगात गेला तर इतक्या छोट्या व्यवहाराच्या तक्रारीला त्याला फीसुद्धा लागणार नाही. पण तुम्ही त्या भीतीने पैसे द्यावेत असं माझं म्हणणं नाही. त्याने चालू मशिन दिलं होतं आणि तुमच्याकडे बंद पडलं, एवढं कारण पुरेसं आहे. दुरुस्त झालं तर बिल तुम्ही भरा आणि चिपचे घेतलेले पैसे परत करा. नाही झालं तर तेच मॉडेल वापरलेलं आज कितीला मिळतं ते दोघांनी मिळून बघा. नव्या मशिनची किंमत मागणं जास्त होईल, वापरलेल्याची मागणं रास्त आहे. एकदम जमत नसेल तर हप्ते ठरवा आणि कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. तरीही वाद वाढला तर वकिलाशी बोला, आणि त्याच्यापासून गेम भरण्याची गोष्ट लपवू नका.

आता तुमचा मुख्य प्रश्न. मशिन त्याचं, मर्जी त्याची, मग माझी चूक कशी? स., मशिन त्याचं आहे हे मला पूर्ण मान्य आहे. विकत घेतलेली वस्तू उघडायचा, समजून घ्यायचा, बदलायचा माणसाला हक्क असावा असं मी मनापासून मानतो. पण मर्जी कशाला म्हणायचं? ज्याला काय काय होऊ शकतं ते माहीत आहे त्याने हो म्हटलं, तर ती मर्जी. तुमच्या गिऱ्हाइकांना काय माहीत होतं?

स्विचबद्दलची एक गोष्ट घ्या. २०१७ साली आलेल्या पहिल्या स्विचच्या प्रोसेसरमध्ये एक चूक राहून गेली होती. मशिन सुरू होताना सगळ्यात आधी जो कोड चालतो तो प्रोसेसरमध्ये कायमचा कोरलेला असतो, आणि चूक नेमकी तिथे होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये ती जाहीर झाली. कोरलेला कोड अपडेट पाठवून बदलता येत नाही, त्यामुळे तोवर विकलेली मशिन तशीच राहिली. त्यांना चिप लागत नाही, सोल्डरिंगही लागत नाही. मशिन न उघडता आधी पूर्ण स्टोरेजची प्रत काढून ठेवता येते आणि मग पुढचे प्रयोग करता येतात. नंतरच्या मॉडेलांत ती चूक दुरुस्त केलेली आहे. तिथे चिप काय करते ते तुम्हाला ठाऊक आहेच: सुरू होण्याच्या नेमक्या क्षणी प्रोसेसरचा व्होल्टेज अगदी निमिषभर पाडते, म्हणजे कोड कंपनीचाच आहे ना हे दाखवणारी डिजिटल सही तपासण्याची पायरी चुकते. आता यातली अडचण बघा. नव्या मॉडेलात चिप चालू झाल्याशिवाय सहसा प्रत काढता येत नाही. तुमचं आयर्न बोर्डाला लागलेलं असतं त्या वेळात गिऱ्हाइकाच्या मशिनची सुरक्षित प्रत बहुधा कुठेच नसते. आणि चिप पहिल्यांदा सुरू होताना स्टोरेजच्या बूट विभागात, म्हणजे मशिन सुरू करणाऱ्या भागात, स्वतःचा कोड लिहिते, म्हणून नुसती चिप काढली की मशिन पूर्ववत झालं असंही नाही. हे त्या ओएलईडीवाल्याला कुणी सांगितलं होतं? चिप चालू झालेल्या मशिनपैकी कितींची प्रत काढून तुम्ही मालकाच्या हातात दिलीत? पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो.

बॅनची गोष्टही अशीच. ज्या ओळखपत्राचं मी वर बोललो ते मशिनचं असतं. कंपनीला बदल दिसला की ती त्या मशिनला दार बंद करते. स्क्रीनवर २१२४-४५०८ हा आकडा येतो. नवं खातं काढून उपयोग होत नाही, ऑनलाइन खेळ आणि दुकान त्या मशिनवरून गेलंच. हे काही निन्टेन्डोपुरतं नाही. २००९ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० च्या बदललेल्या मशिनना ऑनलाइन सेवेतून मोठ्या संख्येने बाहेर काढलं होतं. २०२५ च्या मे महिन्यात निन्टेन्डोने आपल्या करारात आणखी एक वाक्य घातलं: नियम मोडले तर मशिन पूर्ण किंवा अंशतः कायमचं निकामी करण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवला. जूनमध्ये स्विच २ आला आणि त्यात गेमच्या प्रती चालवणारी कार्ट्रिज घालणाऱ्यांची मशिन लगोलग ऑनलाइन बंद झाली. लोकांनी पैसे मोजून घेतलेलं मशिन दुरून निकामी करण्याचा अधिकार कंपनीला असणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्याविरुद्ध बोललं पाहिजे. पण तो अन्याय आहे म्हणून तुमच्या गिऱ्हाइकाचा धोका कमी होत नाही, आणि तो धोका सांगण्याची तुमची जबाबदारीही कमी होत नाही. ज्याचं मशिन बॅन झालं त्याला नुकसानभरपाई किती, हे मी ठरवू शकत नाही. पण चिपची मजुरी परत करा आणि 'हे मी आधी सांगायला हवं होतं' हे वाक्य त्याला समोर बसून सांगा. माझ्या अंदाजाने त्याला तेच हवंय.

आपल्याकडे या जबाबदारीचं वजन आणखी वाढतं. स्विच भारतात अधिकृतपणे विकला गेलेला नाही. सांगलीत जो स्विच तुमच्याकडे येतो तो कुणाच्या मामाने न्यू जर्सीहून आणलेला, दुबईहून आलेला, किंवा आयात करणाऱ्या दुकानातून घेतलेला असतो. वॉरंटी जाईल अशी भीती घालण्यात अर्थ नाही, कारण इथे ती बहुतेकांना नसतेच. पण याची दुसरी बाजू अशी की मशिन बिघडलं तर न्यायला सर्व्हिस सेंटर नाही. त्या मुलासाठी तुम्हीच सर्व्हिस सेंटर आहात.

भावाच्या बोलण्याकडे येतो. ते बरोबर आहेत, पण अर्धे. तुम्ही दोन कामं एका काउंटरवर एकत्र केली आहेत. एक चिप बसवून कुलूप उघडण्याचं, दुसरं गेम भरून देण्याचं. कायदा या दोन्हींकडे वेगवेगळं बघतो आणि मलाही ती वेगळी वाटतात.

गेम भरून देण्याबद्दल काही शंका ठेवू नका, तो गुन्हा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. नफ्यासाठी केलं नसेल तर शिक्षा कमी करण्याची मुभा न्यायालयाला आहे, पण तुम्ही पैसे घेता, म्हणून ती सवलत तुमच्या उपयोगाची नाही. दुसऱ्यांदा दोषी ठरलं तर कमीत कमी एक वर्ष. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. उपनिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याला अशा प्रती वॉरंटशिवाय जप्त करता येतात. गेमनी भरलेली ती हार्ड डिस्क तुमच्या दुकानात मायक्रोस्कोपच्या शेजारी असणार. उद्या कुणी तक्रार केली तर ती उचलली जाईल, आणि तिच्यासोबत तुमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या लोकांच्या फोनचं काय होईल याचा विचार करा.

कुलूप उघडण्याबद्दल मात्र आपला कायदा इतर काही देशांपेक्षा मोजका आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्क डावलण्याच्या हेतूने जो तांत्रिक संरक्षण मोडेल त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू हा शब्द कायद्यातच आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुणी संरक्षण ओलांडलं तर ते या कलमात येत नाही. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रोग्रॅमची नुकसान होऊ नये म्हणून प्रत ठेवण्याची मुभाही कलम ५२ मध्ये आहे. एखाद्याला आपल्या मशिनवर स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा असेल, आपल्या सेव्ह फाइलची प्रत काढायची असेल, तर त्याची बाजू बळकट आहे. पण त्याच कलम ६५अ मध्ये तुमच्यासारख्यांसाठी एक अट आहे, ती फारशी कुणाला माहीत नसते: दुसऱ्याला अशा कामात मदत करणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कशासाठी मदत केली याची पूर्ण नोंद ठेवायची. तुमच्या वहीत बहुधा मोबाइल नंबर आणि रक्कम एवढंच असेल. आणि तुम्ही चिपबरोबर गेम भरलेलं कार्डही विकता, तेव्हा हेतू काय होता हे सिद्ध करायला दुसऱ्या कुणाला फार कष्ट पडणार नाहीत. तुमचं दुसरं काम पहिल्या कामाचा बचाव काढून घेतं.

जगातही कायदा या दोन गोष्टींत फरक करायचा प्रयत्न करत आलाय. ऑस्ट्रेलियात सोनीने एका चिप बसवणाऱ्यावर खटला भरला होता. २००५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिपवाल्याच्या बाजूने निकाल दिला, पुढे संसदेने कायदाच कडक केला. अमेरिकेत कुलपाचा कायदा फार कडक, तरी २०२१ मध्ये तिथे कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या मशिनचा, डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप ओलांडायला परवानगी मिळाली. दुरुस्तीचा हक्क असा इंचाइंचाने मिळतोय. चोरीचे गेम भरून देणारी दुकानं बघितली की कंपन्यांना म्हणता येतं, 'बघा, कुलूप उघडायला दिलं की हे होतं.' दुरुस्ती करणाऱ्या सगळ्यांचं नुकसान यात आहे, तुमचंही.

लॅमिंग्टन रोडचं म्हणाल तर तुमचे मित्र खोटं बोलत नाहीत. आपल्याकडे एक अख्खी पिढी चिप लावलेल्या प्लेस्टेशन २ वर वाढली. मूळ डिस्क घराच्या बजेटात बसायची नाही, कॉपी डिस्क परवडायची. त्या मुलांना मी चोर म्हणणार नाही. त्यांच्यापैकी काही जण आज गेम बनवतात. आणि म्हणूनच तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'राजी' नावाचा गेम आला. भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, राक्षस, देव, सगळं आपल्या पुराणांच्या रंगात. तो बनवला पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने, आणि तो सगळ्यात आधी निन्टेन्डो स्विचवर आला. तुमच्या हार्ड डिस्कवर तो असण्याची शक्यता बरीच आहे. सांगलीहून पुणं किती लांब? मोठ्या जपानी कंपनीचं काय बिघडतं असं आपण म्हणतो, पण कार्डात भरलेल्या त्या ढिगात असे दहा-वीस माणसांच्या मेहनतीचे गेमही असतात, आणि त्यांना एकेक विक्री मोजावी लागते. कॉलेजातल्या पोराला चार-पाच हजारांचा गेम परवडत नाही हे खरं आहे. त्याला सेल कधी लागतो ते सांगा, वापरलेली मूळ कार्ट्रिज मित्रांत कशी फिरवतात ते सांगा. छोट्या स्टुडिओंचे गेम तर सेलमध्ये पुष्कळ स्वस्त मिळतात.

तुम्ही ज्यांच्याकडून चिप आणि सॉफ्टवेअर घेता त्यांच्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. टीम झेक्युटर नावाच्या टोळीने स्विचसाठी चिप आणि एक विकतचं सॉफ्टवेअर काढलं होतं. २०१८ मध्ये एका संशोधकाने ते उघडून पाहिलं, तर आत असा कोड सापडला की सॉफ्टवेअरशी कुणी छेडछाड करतंय असं वाटलं तर ते मशिनच्या स्टोरेजला मनाला येईल तो पासवर्ड लावून कुलूप घालेल. त्याआधी २०१४ मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या जुन्या मशिनवर गेमच्या प्रती चालवणाऱ्या गेटवे कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्येही मशिन बंद पाडणारा कोड निघाला होता. नकली कार्ड वापरणाऱ्यांना धडा शिकवायला तो घातला होता, आणि भोगावं लागलं वापरणाऱ्यांना. टीम झेक्युटरच्या एका सभासदाला २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली, ४५ लाख डॉलर भरपाई, आणि वेगळ्या दिवाणी दाव्यात एक कोटी डॉलर. तो माणूस सगळ्यात वरचा नव्हता. तुमच्याइतक्या छोट्या दुकानावर असं काही येईल असं सांगून मी घाबरवत नाही. पण त्यांच्या मालाचं शेवटचं टोक तुमच्या काउंटरवर असतं, आणि तो माल मशिन बंद पाडतो तेव्हा गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं.

तर, चालू ठेवू का बंद करू?

गेम भरून देणं आजपासून बंद. डिस्क पुसून टाका. ज्यांचे पैसे घेतलेत आणि काम बाकी आहे त्यांना पैसे परत करा. आणि दुकान म्हणून चिप बसवणंही बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमच्याकडे चिपसाठी येणारा जवळजवळ प्रत्येक जण फुकट गेमसाठी येतो, हे तुम्हाला माहीत आहे, आणि माहीत असताना ते माहीत नसल्यासारखं धरून चालता येत नाही. शिकायची हौस असेल तर स्वतःचं जुनं, बंद पडलेलं मशिन घ्या आणि त्यावर हवं ते करा. त्यात मला काहीच वावगं वाटत नाही, उलट कौतुक आहे.

तुमचा हात मात्र वाया घालवू नका. ज्याला त्या कपॅसिटरवर केबल बसवता येते त्याला कन्सोलच्या दुरुस्तीत पुष्कळ काम आहे, आणि आपल्या भागात ते करणारे फार थोडे. प्लेस्टेशनचा एचडीएमआय पोर्ट वायर ओढल्याने तुटतो, स्विचचा चार्जिंग पोर्ट जातो, स्विचच्या जॉयकॉन या कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला पळते. त्या जागी चुंबकावर चालणारी हॉल इफेक्ट काडी बसवली तर तो त्रास पुन्हा सहसा होत नाही. पंख्यात धूळ भरते, थर्मल पेस्ट वाळते. स्विचची बॅटरी आत चिकटवलेली असते, लोक ओढून वाकवतात. वाकलेली किंवा फुगलेली बॅटरी परत लावून देऊ नका, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. जुन्या गेमबॉयला नवी उजळ स्क्रीन बसवणं, अमेरिकेतून आलेलं ११० व्होल्टचं मशिन इथल्या विजेवर जळालेलं असेल तर त्याचा पॉवर सप्लाय बदलणं, हेही बदलच आहेत आणि यात कुणाचं काही बुडत नाही. उघडलेला पॉवर सप्लाय प्लग काढल्यावरही काही वेळ झटका देतो, हे मोबाइलवरून या कामाकडे आलेला माणूस विसरू शकतो. मोठा कपॅसिटर मोजल्याशिवाय हात घालू नका.

एक काम आवर्जून सुचवतो. ज्यांना दोन्ही हात वापरता येत नाहीत अशा मुलांसाठी कंट्रोलरची बटणं बाहेर काढून मोठी करून देता येतात, पायाने दाबता येतील अशी जोडता येतात. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये त्यासाठी खास कंट्रोलर काढला, पण प्रत्येक मुलाच्या हाताप्रमाणे जोडणी करून द्यायला कुणीतरी जवळचा माणूस लागतो. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या विशेष शाळेत जाऊन विचारा.

यापुढे कुठल्याही कन्सोलचा स्क्रू सैल करण्याआधी एक साधा कागद भरून घ्या. मशिनचं मॉडेल, सिरियल नंबर, आल्याक्षणी काय चालत होतं आणि काय नव्हतं, तुम्ही काय करणार, त्यात काय बिघडू शकतं, बिघडलं तर कोण किती भरणार. हे मराठीत, त्याला वाचून कळेल असं लिहा. मूल अठराच्या आतलं असेल तर सही आईवडिलांची घ्या आणि त्यांच्याशी बोला. बऱ्याचदा मशिनचे पैसे त्यांनी दिलेले असतात आणि मुलगा काय करून घेतोय याची त्यांना कल्पना नसते. पण बेकायदा कामासाठी असा कागद केला तर त्याचा उपयोग नाही. ज्या कराराचा उद्देशच बेकायदा आहे तो करार कायदा मानत नाही, म्हणून 'मी सही घेतलीय' या भरवशावर गेम भरणं पुन्हा सुरू करू नका.

राहिली ती मुलं, ज्यांच्या मशिनमध्ये तुमची चिप आधीच आहे. नंबर तुमच्याकडे आहेत. त्या सगळ्यांना फोन करा. ज्यांनी स्टोरेजची प्रत काढलेली नाही त्यांना एकदा दुकानात बोलवा, प्रत काढून त्यांच्याच पेनड्राइव्हवर द्या, आणि ती दुसऱ्या कुणाला देऊ नका असं बजावा. ऑनलाइन जाण्यातला धोका सांगा. आणि मशिन विकायचं झालं तर घेणाऱ्याला चिप आहे, बॅन आहे, जे असेल ते सांगूनच विकायचं, हेही सांगा. बॅन झालेलं मशिन दिसायला चांगल्या मशिनसारखंच असतं. कुणीतरी पगारातून पैसे साठवून ते मुलाच्या वाढदिवसाला घेतो आणि घरी नेऊन लावल्यावर त्याला कळतं. या फोनचे पैसे कुणाकडून घेऊ नका. ओएलईडीवाल्याचा नंबर त्या यादीत पहिला ठेवा. कारागिराकडे मशिन कधी नेताय ते त्याला आजच कळवा, आणि यायचं म्हणाला तर बरोबर घेऊन जा.